पूर्ण स्कॅन

कुणाच्याही घरचा कॉम्प्युटर हाताशी आला की मी आधी त्याला पूर्ण स्कॅन लावते. क्विक स्कॅन वाईट नसतो. मेमरीत काय चालू आहे, मशीन सुरू होताना आपोआप काय उठतं, व्हायरस सहसा कुठे दबा धरून बसतात, एवढं पाहून तो काही मिनिटांत मोकळा होतो. रोजच्या वापराला तेवढं पुरतं. पण ज्या मशीनकडे महिनोन्‌महिने कुणी नीट पाहिलेलं नाही, ते एकदा तळापासून तपासावंच लागतं. जुनी हार्ड डिस्क असेल तर त्यात सबंध दुपार जाते. मला त्या दुपारीचा कधी कंटाळा आलेला नाही.

कऱ्हाडला आत्याकडे गेले की हे काम ठरलेलं असतं. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो. मामा शिक्षक होते, आता गावच्या देवस्थानाचा जमाखर्च बघतात. त्यांच्या मशीनवरचा अँटिव्हायरस तपासत असलेल्या फाइलीचं नाव खालच्या पट्टीत दाखवतो. सुरुवातीला विंडोजच्या फाइली येतात, कुणालाच न कळणाऱ्या नावांच्या. मग डी ड्राइव्ह सुरू होतो आणि घर दिसायला लागतं. ‘सातबारा नवीन’, ‘सातबारा नवीन २’, ‘सातबारा नवीन शेवटचा’. ‘पेन्शन अर्ज’. ‘उत्सव वर्गणी २०१४’. धाकट्या बहिणीच्या लग्नाचे फोटो, कॅमेऱ्यानं दिलेल्या नंबरांसकट, शेकड्यांनी. आजीच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ, ज्यावर स्कॅन बराच वेळ रेंगाळतो, कारण फाइल मोठी आहे. मामा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसतात आणि एखादं नाव दिसलं की म्हणतात, ‘‘हे अजून आहे होय?’’

स्कॅन करणाऱ्या प्रोग्रॅमला यातलं काहीच कळत नसतं. त्याला आजी दिसत नाही, नुसते बाइट दिसतात. पण मी हा खटाटोप करते तो त्या आजीसाठीच. मशीन बिघडलं तर दुसरं मिळतं. फाइलींना कुलूप घालून पैसे मागणारं रॅन्समवेअर घरात शिरतं तेव्हा ते विंडोजच्या वाटेला फारसं जात नाही. मालकाचे फोटो, कागदपत्रं, हिशेब नेमके गाठतं. कशासाठी माणूस पैसे मोजेल हे त्याच्या कर्त्यांना चांगलं माहीत असतं. म्हणून स्कॅन संपून मशीन स्वच्छ आहे असं दिसलं की त्या सगळ्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. जोडलेली राहिली तर कुलूप तिलाही लागतं. व्हायरसच्या बाबतीत एवढी एकच गोष्ट करायची ताकद कुणाकडे असेल, तर मी त्यांना हीच करायला सांगेन, स्कॅनपेक्षाही ती महत्त्वाची.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा लॅबच्या दाराबाहेर चपलांची रांग लागायची. आत एसी, मशीनवर प्लास्टिकची कव्हरं, आणि धुळीनं व्हायरस होतो अशी आम्हा मुलांची पक्की समजूत. ती समजूत चुकीची होती, पण अगदीच खुळी नव्हती. त्या काळचा व्हायरस खरंच हातातून यायचा, फ्लॉपीवरून. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो ‘ब्रेन’ १९८६चा. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या चोरून नकला होत होत्या, त्यावर उपाय म्हणून. त्यांनी व्हायरसच्या आत स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत बसायचा आणि हातोहात देशोदेशी पोचला.

मराठी माणसानं ऐकावा असा त्यातला एक म्हणजे ‘जोशी’. हे या व्हायरसचंच नाव आहे. १९९०मध्ये तो भारतात सापडला. वर्षभर गुपचूप एका फ्लॉपीवरून दुसरीवर जायचा आणि ५ जानेवारी आली की मशीन अडवून धरायचा. ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय पुढे हलू द्यायचा नाही. टाइप केलं की सोडायचा. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तरी तो मेमरीतून जायचा नाही, आणि बूट सेक्टर वाचायला गेलं तर मूळचा, निर्दोष सेक्टर पुढे करायचा. म्हणजे तपासणाऱ्याला फसवण्याची कला तेव्हाच आली होती. म्हणूनच जुनी जाणती माणसं खात्रीच्या, लिहिण्याला बंदी केलेल्या फ्लॉपीवरून मशीन सुरू करून मगच तपासायची. आज विंडोजमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ म्हणून जी सोय आहे, जिच्यात मशीन बंद होऊन विंडोज उठण्याआधीच तपासणी होते, तिच्यामागेही हाच विचार आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच तोंडून साक्ष घ्यायची नाही.

पुण्याहून कऱ्हाडला रेल्वेनं जाताना साताऱ्याच्या पुढे कोरेगाव आणि मग रहिमतपूर लागतं. तिथून गाडी जाते तेव्हा मला काटकर बंधूंची आठवण होते. कैलाश काटकर मूळचे तिथले. दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, मग कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणारी मशीनं व्हायरसनं बिघडलेली असायची. धाकटे संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. त्यांनी ती साफ करायला प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभं राहिलं. २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मला यात भावतो तो यशाचा आकडा नव्हे. ते औषध दुरुस्तीच्या टेबलावर तयार झालं, समोर मशीन उघडं पडलेलं आहे आणि गिऱ्हाईक संध्याकाळी न्यायला येणार आहे अशा अवस्थेत, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या फ्लॉप्यांवर काय फिरतंय हे परदेशातल्या प्रयोगशाळेपेक्षा त्या टेबलावर लवकर कळत असणार.

मी स्वतः या कामात पडले ते पेनड्राइव्हच्या दिवसांत. पुण्यात एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी होती. परीक्षा जवळ आली की मुलं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणायची आणि पेनड्राइव्हमधून व्हायरसही आणायची. त्या दुकानातल्या एका मशीनला दिवसभरात किती पेनड्राइव्ह लागत असतील! तेव्हाचा सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे शॉर्टकट व्हायरस. पेनड्राइव्ह उघडला की आपले फोल्डर दिसत, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण. खरे फोल्डर त्यानं लपवलेले असत आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे मांडलेले असत. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालायचा, मग खरं फोल्डरही उघडायचं, त्यामुळे कुणाला शंकाच यायची नाही. मग एखादा अँटिव्हायरस ते शॉर्टकट उडवून टाकायचा, आणि मुलांना पेनड्राइव्ह रिकामा दिसायचा.

एम.ए.ची एक मुलगी अशीच रडत आली होती. प्रबंध गेला म्हणून. मार्गदर्शकांना दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी पेनड्राइव्ह लावला, आधी तो स्कॅन केला, मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत ‘ॲट्रिब’ची ओळ टाइप केली. लपवलेलं, सिस्टिमचं, फक्त वाचण्याचं, असे जे तीन शिक्के व्हायरसनं फोल्डरांवर मारलेले असतात ते त्या एका ओळीनं निघतात. एंटर दाबलं आणि फोल्डर एकेक करून परत दिसू लागले. प्रकरण एक, प्रकरण दोन, संदर्भ, मुलाखती. तिनं माझा हात घट्ट धरला होता, ते तिच्या लक्षातही नव्हतं. काहीही पुसलं गेलेलं नव्हतं. तेव्हापासून घाबरलेल्या माणसाला मी आधी एवढंच सांगते, की थांब, फॉरमॅट करू नकोस, बहुतेक सगळं तिथंच असतं. गल्लीबोळातल्या दुरुस्तीवाल्यांनी ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणत लोकांचे किती फोटो घालवले असतील याचा विचार केला की अजून जीव तुटतो.

पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप काहीतरी सुरू व्हायचं, ती सोय मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी २०११च्या अपडेटनं जुन्या विंडोजमध्येही बंद केली आणि व्हायरसची एक मोठी वाट बुजली.

स्कॅन नेमकं काय करतो हे घरच्यांना सांगायला मला आवडतं, कारण ते कळलं की त्याच्यावरचा भाबडा विश्वासही जातो आणि अविश्वासही. मूळ काम जुळवून बघण्याचं आहे. सापडलेल्या प्रत्येक व्हायरसची ओळख पटेल अशी खूण कंपनी नोंदवून ठेवते. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांचे फोटो आणि बोटांचे ठसे ठेवलेले असतात, तसंच. आपल्या मशीनवरची फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाते. यादी शिळी असेल तर कालचा चोर समोरून निघून जाईल, म्हणून रोजचं अपडेट. पण यादीत नाव नसलेल्यांचं काय? त्यासाठी वागणुकीवर नजर ठेवतात. वर्डची फाइल उघडली आणि तिनं पाठीमागे सिस्टिमच्या आज्ञा चालवायला सुरुवात केली, किंवा एखादा प्रोग्रॅम भराभर शेकडो फाइलींची रूपं बदलायला लागला, तर यादीत नसला तरी त्याला अडवायचं. इथे अंदाज आला, आणि अंदाज आला की चूकही आली.

आपला अँटिव्हायरस जागा आहे का, हे बघायची एक निर्धोक रीतही आहे. ‘आयकार’ या अँटिव्हायरस संशोधकांच्या संस्थेची चाचणी फाइल म्हणून ६८ बाइटची एक छोटी मजकुराची फाइल असते. ती कुणाचं काहीही बिघडवत नाही. पण जगातल्या सगळ्या प्रमुख अँटिव्हायरसनी ती पकडायची असा संकेत आहे. मामांना मी ती दाखवली. लाल चौकट आली तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. त्यानंतर त्या चौकटीची त्यांना भीती वाटेनाशी झाली. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण खोट्या लाल चौकटीही असतात. वेबसाइटवर अचानक ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, या नंबरवर फोन करा’ असा भोंगा वाजतो, तो ठगांचा असतो. खऱ्या अँटिव्हायरसची चौकट अशी फोन करायला सांगत नाही. आपली खरी चौकट कशी दिसते हे एकदा शांतपणे पाहून ठेवलेलं असलं की खोटी ओळखू येते.

चूक होते म्हटलं, ती बारीकसारीकच असते असं नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःची एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि जगभरची मशीनं पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. व्हायरसनं नव्हे, रखवालदारानंच हे केलं होतं. रखवालदाराला घराच्या अगदी आतल्या खोलीची किल्ली द्यावी लागते, नाहीतर त्याला काही दिसत नाही. म्हणून तो कोण आहे हे पाहून निवडावा, आणि एकाच घरात दोन ठेवू नयेत. ते एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि मशीन रांगायला लागतं. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आता चांगल्यापैकी सक्षम आहे. ज्यांना वर्षाकाठी पैसे भरणं जड जातं त्यांनी त्याच्यावर बेलाशक राहावं, एवढंच की तो चालू आहे ना हे बघावं. संशयित फाइल सापडली तर डिलीट न करता आधी क्वारंटाइनमध्ये टाकावी. तिथं तिचं रूप बदलून ती चालणार नाही अशी ठेवतात, आणि चूक निघाली तर परत आणता येते.

मामांच्या मशीनवर विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची एका वर्षाची मुदत घरगुती वापरासाठी मिळते, ती मी घेऊन दिली आहे. ती मुदत संपली की काहीतरी ठरवावं लागेल. ‘‘चालतंय की अजून,’’ हे मामांचं म्हणणं खरं आहे, मशीन उत्तम चालतं. पण मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअरचा प्रकार आला आणि दीडशे देशांत दवाखान्यांपासून कारखान्यांपर्यंत मशीनं बंद पडली, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घातलं त्यांच्याकडे तो शिरलाच नाही. अँटिव्हायरसची कसोटी लागण्याआधीच काम झालेलं होतं.

आता खरं दुखणं सांगते. कॉम्प्युटर सांभाळणं आम्हाला जमलं, तोवर चोर फोनवर गेले होते.

आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक लग्नपत्रिका आली. पाठवणारी ओळखीची बाई. फाइलीचं नाव लग्नपत्रिका, शेवटी एपीके. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ, एपीके म्हणजे ॲप, हा फरक आत्याला कुणी कधी सांगितलेलाच नव्हता. तिनं उघडली. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, घालू का? तिला वाटलं, ठिकाण अनोळखी कसं, हिच्या घरी तर मी जेवून आलेय. तिनं हो म्हटलं. ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, तिलाही हो म्हटलं. पत्रिका काही दिसली नाही. ॲपचं चित्रही पडद्यावरून नाहीसं झालं. त्या रात्रीपासून तिचे ओटीपी तिच्याआधी दुसऱ्याला दिसत होते, आणि तीच पत्रिका तिच्या नावानं पुढे माहेरच्या माणसांना जात होती.

खात्यातून पैसे गेल्याचं तिला सकाळी कळलं. तिनं दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

त्या दोन दिवसांचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं. मागे एकदा कसल्याशा लिंकवर बोट पडलं होतं तेव्हा तिचा मुलगा तिच्यावर चारचौघांत ओरडला होता. ‘तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस?’ ते वाक्य तिच्या मनात बसलं होतं. चोरांना ओटीपी मिळाला तो त्या ॲपमुळे, पण दोन दिवसांची सवड मिळाली ती त्या वाक्यामुळे. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पळवले जातात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन गेला तर ते वाटेत कुठेतरी गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ते कुणीतरी काढून घेतलेले असतात. तासांचा हिशेब असतो तो. आत्याच्या तक्रारीची नोंद झाली, थोडे अडकवता आले, बाकीचे गेले.

मी पोचले तेव्हा फोन विमान मोडवर टाकला होता, तेवढं मी फोनवरूनच करून घेतलं होतं. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवलं, खातं आणि यूपीआय थांबवलं. मग सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घातलेली ॲप बंद राहतात अशा अवस्थेत जाऊन ॲपची यादी काढली. तिथं एक नाव होतं, चित्राशिवायचं. त्याच्याकडे मेसेज, कॉन्टॅक्ट, सगळ्याची परवानगी. ती काढून घेऊन ते उडवलं, प्ले प्रोटेक्ट या गुगलच्या तपासनिसानं पूर्ण तपासलं, आणि तरीही मन मानेना म्हणून फोटो उतरवून घेऊन फोन पार कोरा केला. आत्या शेजारी बसून सगळं बघत होती. ‘‘अगं, मीच हो म्हटलं ना त्याला,’’ असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. मी तिला म्हटलं, आत्या, तुझ्या मैत्रिणीच्या नंबरावरून पत्रिका आली आणि तू ती उघडलीस, यात तू काय गैर केलंस? विश्वास ठेवणं हा काही दोष नाही. तुझ्या विश्वासाचा कुणीतरी वापर केला.

स्कॅनची मर्यादा मला त्या दिवशी जशी कळली तशी कुठल्याच पुस्तकानं समजावली नव्हती. दार आपणच आतून उघडून दिलं तर रखवालदार ओरडून सांगू शकतो, पण शेवटी मालक म्हणेल ते खरं. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वयस्करांना, ‘हे उघडू का?’ असं विचारायला एक हक्काचं माणूस असलं पाहिजे, आणि ‘उघडून बसले’ हे सांगायलाही. त्या माणसानं ओरडायचं नाही. कितव्यांदा का विचारेनात. हे मी आतेभावाला स्पष्ट सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आईजवळ जाऊन बसला.

टीव्ही आणि राउटरबद्दल लोक विचारतात. टीव्हीवर ॲप त्याच्या ॲप स्टोअरमधूनच घ्यावं आणि अपडेट चालू ठेवावं, याहून जास्त काळजी करू नये. राउटरकडे मात्र बघा. बसवणारा माणूस जो पासवर्ड ठेवून गेला तोच वर्षानुवर्षं असतो. २०१६मध्ये ‘मिराई’ या व्हायरसनं अशाच मूळ पासवर्डवर राहिलेले घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या, आणि कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. राउटरला कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस आतून तपासू शकत नाही. पासवर्ड बदलणं आणि अपडेट घालणं हेच तिथलं स्कॅन. पैसे न देता काही हवं असेल तर केंद्र सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७पासून आहे, तिथं साफसफाईची साधनं मोफत मिळतात. फार थोड्यांना ते ठाऊक आहे.

त्या मुक्कामात मामांच्या मशीनचं स्कॅनही झालं. पीडीएफ बदलून देतो म्हणत आलेला एक फुकटा प्रोग्रॅम सापडला, जो ब्राउझरचं पहिलं पान बदलून जाहिराती दाखवत होता. तो काढला. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं नवा कोरा फोन हातात घेतला आणि मंडळाच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला. मी तिला काहीही शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, माझ्या नावानं पत्रिका आली असेल तर उघडू नका, ती मी पाठवलेली नाही. माझे पैसे गेलेत. ज्यांनी उघडली असेल त्यांनी लाजू नका, मला फोन करा. रात्री जेवणं व्हायच्या आत तिघींचे फोन आले. त्यांतल्या एकीनं आदल्याच दिवशी पत्रिका उघडली होती आणि घरी कुणाला बोलली नव्हती. आत्यानं तिला आधी फोन विमान मोडवर टाकायला लावला, मग शेजारणीच्या फोनवरून १९३० लावायला सांगितला, आणि तिच्या सुनेशी मी बोलते म्हणाली.